आईची पाळी जाऊन आठ वर्षं झाली. स्तनाच्या कॅन्सरसाठी लेट्रोझोल सुरू केलंय. त्याने हाडं ठिसूळ होतात का? टॅमॉक्सिफेन बरं पडेल का?

हो, लेट्रोझोलने हाडं झिजतात. टॅमॉक्सिफेन मात्र पाळी गेलेल्या बाईच्या हाडांना उलट थोडा आधारच देतं. पाळी गेल्यावरही चरबीत वगैरे थोडं इस्ट्रोजेन (हाडं टिकवणारं स्त्री-संप्रेरक) बनत असतं. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन या गोळ्या तेवढंही बंद करतात. टॅमॉक्सिफेन स्तनात इस्ट्रोजेनला अडवतं, पण हाडात त्याच्यासारखंच वागतं (एकच गोळी, दोन तोंडं!). ‘एटॅक’ या मोठ्या चाचणीत सुमारे 5 वर्षांत अ‍ॅनास्ट्रोझोल घेणाऱ्या 11 टक्के बायकांची हाडं मोडली, टॅमॉक्सिफेनवर 7.7 टक्के. तरी केवळ हाडांपायी गोळी बदलू नका, स्वतःहून बंद तर मुळीच नको: कॅन्सर उलटू नये यासाठी लेट्रोझोलच्या गटातल्या गोळ्या सरस ठरल्यात, आणि टॅमॉक्सिफेनने रक्ताच्या गुठळ्या व गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. डॉक्टरांशी हे बोला:

- आत्ताच डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी), मग दर एक-दोन वर्षांनी
- कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, रोजचं चालणं
- घनता कमी निघाली तर दर सहा महिन्यांनी एकदा झोलेड्रोनिक अ‍ॅसिड (हाडांची झीज रोखणारं, शिरेतून द्यायचं औषध). त्याआधी दात दाखवून घ्या