टँकरच्या पाण्यावर परसबाग कशी जगवायची?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही माण तालुक्यात राहतो, टँकरचं पाणी आठवड्याला एकदा मिळतं. दारात वांगी, टोमॅटो, कढीपत्ता, कुंडीत मोगरा आहे. बाटलीला भोक पाडून उलटी लावली तर तासाभरात रिकामी होते, भोक बारीक केलं तर तुंबतं. मोटर-ड्रिप परवडत नाही. काय करू?

उत्तर : बाटल्या ठेवा बाजूला आणि कुंभाराकडनं पाच-सहा लिटरची साधी मडकी आणा. साधीच हं, रंग किंवा वार्निश मारलेलं अजिबात नको. मी एकदा प्रदर्शनातनं रंगीत माठ आणून पुरला, चार दिवस झाले तरी पाणी होतं तिथंच आणि मिरचीची रोपं डोळ्यांदेखत वाळली, फार जीव हळहळला. म्हणून पुरायच्या आधी मडकं भरून सावलीत ठेवा, थोड्या वेळानं बाहेरनं ओलसर लागलं पाहिजे.

मग गळ्यापर्यंत पुरा, तोंड दोन बोटं वर ठेवा आणि वर फरशीचा तुकडा झाका, नाहीतर डास होतात. वांगी-टोमॅटो मडक्यापासून वीतभर अंतरावर, गोल लावा. माती सुकली की ती मडक्यातलं पाणी ओढते, ओली असली की पाझरणं आपोआप मंदावतं, त्यामुळं पाणी वर उन्हात उडून न जाता थेट मुळाला जातं. चीनमध्ये 2000 वर्षांपूर्वी ही पद्धत लिहून ठेवलीय. दोन-तीन दिवसांनी बघून भरत जा. बोअरचं जड पाणी असेल तर क्षारानं छिद्रं बुजतात, हंगाम संपला की काढून काथ्यानं घासा, तरी पाझरलं नाही तर बदला.

याच्याइतकंच महत्त्वाचं पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला. कृष्णाकाठी कुणी पाहुणे असतील तर पोतंभर मागवा आणि चार बोटं जाड पसरा, भरदुपारी पाचटाखाली हात घालून बघा, गार ओल लागते. फक्त बुंध्याला चिकटू देऊ नका, वाळवी लागते.

मोगऱ्याला जुन्या सुती साडीची वात करा, आधी भिजवा, एक टोक उंचावरच्या बादलीत बुडवा, दुसरं कुंडीच्या मातीत खोचा.

तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओता, मडक्यात नको, गाळ बसून ते तुंबतं. साबणाचं पाणी मात्र भाजीला घालूच नका.