ढवळ्या, पवळ्या आणि 900 डॉलर

प्रश्न : नातीला कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेसाठी विषय मिळालाय, 'अध्यक्षपदाचा उमेदवार धोरणावरून पारखावा, संगतीवरून नव्हे'. उदाहरण द्यायचंय अमेरिकेच्या 2008 च्या निवडणुकीचं, ओबामा विरुद्ध मॅकेन. ती म्हणते, फक्त धोरण बघायचं. मी म्हणतो, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. घरात जेवताना रोज खडाजंगी. कोणाचं खरं?
– एक आजोबा, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आजोबा, तुमचं निम्मं खरं आहे. आता हे जेवताना नातीला सांगू नका.

मी बत्तीस वर्षं एका बँकेत कर्जाच्या टेबलावर काढली. एकदा हरिपूरचा एक हळदवाला अर्ज घेऊन आला. सोबत असा गृहस्थ, की ज्याला बघून गणपती पेठेतली माणसं फुटपाथ बदलायची. मी अर्ज बाजूला सारला. पुढं कळलं, त्या गृहस्थानं त्याला नुसतं स्कूटरवरून आणून सोडलं होतं. हळदवाल्यानं दुसरीकडून कर्ज काढलं आणि पै न पै फेडलं. दुसऱ्या एका पार्टीसोबत कोणीच नव्हतं, कागद मात्र लंगडे. संध्याकाळी वरून फोन आला, 'बघा जरा'. मी सही केली. त्या कर्जाच्या वसुलीत बँकेच्या हाती आला हळद पॉलिशचा एक गंजका ड्रम.

तेव्हापासून माझा हिशोब एकच. सोबत कोण आलं ते सोडा, फोन कोणी कोणासाठी केला ते बघा.

आता 2008 कडे. ओबामांवर आरोप होता बिल एअर्सच्या ओळखीचा. एअर्स हा बॉम्ब लावणाऱ्या 'वेदर अंडरग्राउंड' गटातला. तो गट 1969 मध्ये उभा राहिला तेव्हा ओबामा आठ वर्षांचे होते. पुढं शिकागोत एका संस्थेच्या संचालक मंडळावर दोघं एकत्र होते. माझ्या मते ही स्कूटर. ओबामांच्या चर्चचे धर्मगुरू जेरेमाया राइट यांच्या भडक प्रवचनांचं प्रकरण त्याहून जड, कारण तिथं जाणंयेणं वीस वर्षांचं. आधी मार्चमध्ये ओबामांनी भाषण करून बाजू सावरली, मे संपता संपता ते चर्चच सोडलं.

मॅकेन यांच्या खात्यावर उद्योगपती चार्ल्स कीटिंग. त्याच्या लिंकन सेव्हिंग्ज या बचत-कर्ज संस्थेची सरकारी तपासणी चालू होती. एप्रिल 1987 मध्ये पाच सिनेटर कीटिंगच्या बाजूनं तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना भेटले, त्यांत मॅकेन. कीटिंगकडून त्यांच्या निवडणुकीसाठी पैसे आलेले. 1989 मध्ये संस्था बुडाली आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांची बाँडमधली पुंजी गेली. (पतसंस्थेच्या दारात पासबुक घेऊन जो उभा राहिलाय, त्याला वेगळं सांगायला नको.) सिनेटच्या समितीनं मॅकेन यांना मोठी शिक्षा दिली नाही, पण निर्णयात चुकलात असं बजावलं, आणि त्यांनीही चूक मान्य केली. तरी माझ्या हिशोबात हा फोनच.

म्हणजे संगतीत तुमची सरशी. धोरणात नात पुढं जाईल, फक्त तिनं आकडे पक्के करावेत. ओबामा म्हणाले, जोडप्याचं उत्पन्न अडीच लाख डॉलरवर असेल तर वरच्या रकमेवर कर वाढेल, सर्वांत वरचा दर 35 चा 39.6 टक्के. ओहायोतल्या जो नावाच्या प्लंबरनं त्यांना रस्त्यात गाठून विचारलं, 'मी वर्षाला अडीच लाख ते दोन लाख ऐंशी हजार डॉलर कमावणारा धंदा विकत घेतोय, माझा कर वाढणार ना?' तिसऱ्या डिबेटमध्ये बिचाऱ्याचं नाव इतकं घेतलं गेलं, की तोच उमेदवार वाटावा.

पण गणित मांडा. करपात्र उत्पन्न धरा 2,80,000. अडीच लाखांवरचे 30,000. ही रक्कम सर्वांत वरच्या नव्हे, त्याच्या खालच्या टप्प्यात येते. तिथं दर 33 चा 36, म्हणजे तीन टक्के जास्त. वाढीव कर 900 डॉलर. अख्ख्या उत्पन्नावर नव्हे. आपल्याकडंही पगार वाढून स्लॅब बदलला की लोक असेच दचकतात, घरात आता कमीच पैसे येणार म्हणून. माझा मेहुणा अजून दचकतो.

मॅकेन यांना तेव्हाचे अध्यक्ष बुश यांची करकपात सगळ्यांसाठी ठेवायची होती. गंमत म्हणजे 2001 आणि 2003 मध्ये त्यांनीच तिच्या विरोधात मत दिलं होतं. हे वाक्य नातीनं शेवटच्या मिनिटासाठी राखून ठेवावं.

900 चं गणित तिला कागद न बघता सांगता यायला हवं, परीक्षक नेमके तिथंच अडवतात. अडखळत असेल तर रविवारी सकाळी पाठवा. मी सातपर्यंत आमराईत असतो.