लेकीला कॅमेरा असिस्टंट व्हायचंय. साडेचार लाख भरू का?

पत्र नाशिकच्या सिडकोतून आलं आहे. लिहिणारे गृहस्थ अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्शनला आहेत. मुलगी यंदा बारावी सायन्स चांगल्या गुणांनी पास झाली, पण इंजिनीअरिंगला जायचं नाही म्हणते. एका कार्यशाळेत तिला ३५ मिमीचा जुना अ‍ॅरिफ्लेक्स कॅमेरा उघडून दाखवला, डमी फिल्म भरू दिली. तेव्हापासून ‘मला कॅमेरा असिस्टंट व्हायचंय’ हाच धोशा. वडील विचारतात, फिल्मचा जमाना तर गेला, मग हे शिकून उपयोग काय? एक खासगी संस्था वर्षाच्या कोर्सला साडेचार लाख मागते, ते भरावेत का? आणि मुलीला हे काम झेपेल का?

सप्रेम नमस्कार.

पैसे भरू नका, आणि मुलीला अडवूही नका. आता कारणं सांगतो.

या क्षेत्राबद्दल विचारायला येणाऱ्या बहुतेक मुलांना थेट दिग्दर्शक किंवा सिनेमॅटोग्राफर व्हायचं असतं. तुमची मुलगी ‘असिस्टंट’ म्हणते, आणि तेही यंत्र उघडलेलं पाहून. मला ही फार चांगली खूण वाटते. सेटवर दृश्य कसं दिसावं हे डीओपी, म्हणजे सिनेमॅटोग्राफर, ठरवतो. कॅमेरा चालवतो तो ऑपरेटर, कधी डीओपी स्वतःच. शेजारी उभा राहून लेन्सची रिंग फिरवतो तो फोकस पुलर. क्लॅप देणं, मॅगझिन (फिल्मचा डबा) भरणं, कॅमेरा रिपोर्ट लिहिणं हे दुसऱ्या असिस्टंटकडे. शिवाय भाड्याने आणलेल्या कॅमेऱ्याबरोबर त्या कंपनीचा अटेंडंट येतो. यंत्राची नस खरी त्याला कळलेली असते, आणि आपल्याकडचे कितीतरी फोकस पुलर याच वाटेने घडले आहेत.

हे काम नेमकं काय असतं, ते तुम्हाला इतर पालकांपेक्षा लवकर समजेल. अ‍ॅरीच्या पीएल माउंटमध्ये, म्हणजे ही कंपनी लेन्स अडकवायला कॅमेऱ्यावर जे कडं देते त्यात, लेन्स जिथे टेकते तिथपासून फिल्मच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर ५२ मिलिमीटर असावं लागतं. ते डेप्थ गेजने तपासतात आणि फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात. तेवढा फरक पडला तरी वाइड लेन्सवर कोरलेले अंतराचे आकडे खोटे ठरतात. टेपने मोजून दोन मीटरवर रिंग लावली, तरी चित्र मऊ, म्हणजे धूसर, येतं. फोकससाठी टेप लावतात ती लेन्सच्या तोंडापासून नाही. कॅमेऱ्याच्या अंगावर, आत फिल्म जिथे असते त्या रेषेवर, एक खूण कोरलेली असते, मोजमाप तिथून. ८५ मिमीची लेन्स टी २ वर, म्हणजे बरीच मोठी, उघडून दोन मीटरवरच्या नटाचा चेहरा घेतला, तर जेमतेम पाच-सहा सेंटीमीटरचा पट्टा स्पष्ट राहतो. डोळे स्वच्छ, कान गेलेले. आणि नट बोलता बोलता पुढे झुकतो. हे सांभाळणं म्हणजे फोकस पुलिंग.

शटरचंही असंच आहे. शटर म्हणजे फिल्मसमोर फिरणारी चकती, आणि अंश म्हणजे तिचा उघडा भाग. सेकंदाला २४ चौकटी आणि १८० अंशांचं शटर ही नेहमीची मांडणी, म्हणजे प्रत्येक चौकटीला सेकंदाचा ४८ वा भाग प्रकाश. पण आपली वीज ५० हर्ट्‌झची. काही दिवे त्या तालावर सेकंदाला शंभरदा लुकलुकतात आणि पडद्यावर थरथर दिसते. म्हणून शटर १७२.८ अंशांवर आणतात. मग प्रकाश मिळतो बरोबर सेकंदाचा ५० वा भाग आणि थरथर जाते. मुलीला हा हिशोब कागदावर करून दाखवायला सांगा. तिने आवडीने केला, तर माझ्या लेखी अर्धी प्रवेशपरीक्षा झाली.

फिल्म भरण्याची तर वेगळीच शिस्त. काळ्या चेंजिंग बॅगेत दोन्ही हात घालून, डोळ्यांची मदत न घेता मॅगझिन भरायचं. लूप, म्हणजे आत फिल्मला ठेवलेला सैल वळसा, कमी-जास्त झाला तर कॅमेरा कुरकुरतो, फिल्म फाटूही शकते. ४०० फुटांचा रोल साडेचार मिनिटांत संपतो, हजार फुटांचा अकरा मिनिटांत. शॉट झाला की गेट, म्हणजे फिल्मवर प्रकाश पडतो ती चौकट, तपासायचं, कारण तिथे अडकलेला केसभर कचरा पडद्यावर दोरखंडाएवढा दिसतो. तो काढायला लाकडी काडी वापरतात, धातूचं काही गेटला लावत नाहीत. चूक झाली की नाही हे लॅबमधून निगेटिव्ह धुऊन आल्यावरच कळणार.

आता तुमचा मुख्य प्रश्न. फिल्मचा जमाना गेला, हे बरंचसं खरं आहे. अ‍ॅरीसारख्या मोठ्या कंपन्यांनी २०११ च्या सुमारास नवे फिल्म कॅमेरे बनवणं थांबवलं, फुजीने २०१३ मध्ये सिनेमाच्या निगेटिव्हचं उत्पादन बंद केलं. कोडॅक अजून फिल्म बनवते आणि जगात काही दिग्दर्शक हट्टाने तीच वापरतात, पण त्यावर मुलीचं पोट भरेल असं मी म्हणणार नाही. तिला रोजचं काम मिळेल ते डिजिटल कॅमेऱ्यावर. मात्र तिथेही पीएल माउंटचे तेच ५२ मिलिमीटर आहेत, मेन्यूत शटर अजून अंशांत लावता येतं, आणि गेटऐवजी सेन्सरवरची धूळ बघावी लागते. मॅगझिन जाऊन कार्ड आलं, एवढंच. ते चुकून पुसलं तर दिवस तसाच वाया. जुन्या कॅमेऱ्यावर हात बसवायची संधी मिळाली तर तिने जरूर घ्यावी. नुसतं फिल्मवर विसंबून करिअर आखू नये.

वाट अशी धरा. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म संस्थेत सिनेमॅटोग्राफीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पण त्याला कुठल्याही शाखेची पदवी लागते. कोलकात्याच्या सत्यजित राय इन्स्टिट्यूटचंही तसंच. जागा मोजक्या आणि प्रवेशपरीक्षा कडक, म्हणून पदवी सोडून चालणार नाही. नाशिकमध्येच फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केली तर ऑप्टिक्स थेट उपयोगी पडेल. कामाला लवकर लागायचंच असेल, तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ तुमच्याच शहरात आहे. तिथून पदवी करता करता शूटिंगचं काम करता येतं. मला स्वतःला पहिला मार्ग पटतो. सतराव्या-अठराव्या वर्षी सेटवर गेलेली मुलं पुढे पदवीकडे क्वचित वळतात.

पदवीच्या तीन वर्षांत सुट्ट्यांमध्ये तिने नाशिकच्या एखाद्या चांगल्या लग्न-व्हिडिओग्राफरबरोबर काम करावं. नवरी चालत येताना फोकस धरणं ही छोटी गोष्ट नाही. घरात तुमचा टेप आहे, व्हर्नियर आहे. मोजमापाची सवय तुम्हीच लावा. भिंतीपासून खुर्ची किती अंतरावर, हे तिने आधी नजरेने सांगायचं आणि मग मोजायचं. फोकस पुलरची नजर अशीच तयार होते. पदवीनंतर एफटीआयआय मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तर मुंबईत कॅमेरे भाड्याने देणाऱ्या कंपनीत प्रेप रूममध्ये, म्हणजे शूटिंगआधी कॅमेरे तपासतात त्या खोलीत, ट्रेनी म्हणून शिरावं. तिथे रोज वेगवेगळे कॅमेरे आणि लेन्स हाताखालून जातात.

खासगी संस्थेला तीन गोष्टी विचारा. वर्षभरात एकेका विद्यार्थ्याच्या हातात कॅमेरा प्रत्यक्ष किती तास असतो? कॅमेरे संस्थेचे की एखाद्या दिवसासाठी भाड्याचे? गेल्या दोन तुकड्यांतली मुलं आज कुठे आहेत आणि त्यांच्याशी बोलता येईल का? उत्तरं गोलमोल आली तर समजून जा.

मुलीला झेपेल का, हे तुम्ही काळजीने विचारलंत. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, तेव्हा अंधाऱ्या खोलीत बसून कच्च्या फिल्मला छिद्रं पाडण्याचं आणि ती धुण्याचं काम सरस्वतीबाई करत होत्या. कॅमेरा विभागातली बाई ही आपल्याकडे पहिल्या चित्रपटापासूनची गोष्ट आहे. बी. आर. विजयालक्ष्मी १९८५ पासून स्वतंत्र सिनेमॅटोग्राफर म्हणून काम करू लागल्या. अंजुली शुक्ला यांना ५७ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट छायांकनाचा पुरस्कार मिळाला. २०१७ मध्ये स्त्री छायालेखिकांनी आपली संघटनाही उभी केली. तिच्याशी मुलीने संपर्क ठेवावा. तरीही अडचणी आहेत. लेन्स-मॅगझिनसकट कॅमेरा दहा-पंधरा किलोंचा होतो, बारा-बारा तासांची शिफ्ट असते, पैसे महिनोन्‌महिने लांबतात. मुंबईत राहायची सोय, रात्री पॅकअपनंतर घरी सोडायला गाडी आणि निर्मितीसंस्थेत तक्रार समिती आहे का, या तीन गोष्टी प्रत्येक कामाआधी विचारायची सवय तिला लावा. ही विचारणा केल्याने काम जात नाही. आणि गेलंच, तर ते जाऊ द्यावं असंच काम असतं.

सीट अडवण्यासाठी संस्था आगाऊ रक्कम मागत असेल तर देऊ नका. बी.एस्सी.चा प्रवेश आधी पक्का करा. मग मुलीला घेऊन एकदा भेटा. येताना तिने काढलेले फोटो आणि १७२.८ चा तो हिशोब सोबत असू द्या.