बोथा आडनावाचे सगळे एकमेकांचे नातेवाईक आहेत का?

प्रश्न क्रिकेटपटू योहान बोथावरून पडला असेल, तर उत्तर सोपं आहे: नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकान्स भाषिकांमध्ये हे अगदी सर्रास आढळणारं आडनाव, आपल्याकडच्या जाधव-शिंद्यांसारखं. आणि आपण ‘बोथा’ म्हणतो खरं, पण त्यांच्या तोंडी ते साधारण ‘बुअता’ असं येतं, ‘थ’ नाहीच.

सर्वांत गंमतीदार गोंधळ पी. डब्ल्यू. आणि पिक या दोन बोथांचा. पी. डब्ल्यू. १९७८ पासून पंतप्रधान आणि पुढे १९८४ ते १९८९ राष्ट्राध्यक्ष. वर्णभेदी राजवटीचा हा कडक चेहरा. टोपणनाव ‘थोरली मगर’! पिक त्यांचेच परराष्ट्रमंत्री, पण नात्यातले नव्हेत. ‘पिक’ हेही टोपणनावच, पेंग्विनच्या आफ्रिकान्स शब्दावरून पडलेलं. म्हणजे मगरीच्या मंत्रिमंडळात पेंग्विन. १९८६ मध्ये पिक बोलून गेले की पुढेमागे देशाला कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष मिळू शकेल. पी. डब्ल्यू. नी त्यांना जाहीरपणे झापलं. १९९४ मध्ये मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले आणि पिक त्यांच्याच मंत्रिमंडळात खनिज व ऊर्जामंत्री!

त्याआधीचे लुई बोथा हे बोअर (म्हणजे दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेल्या डच वंशीयांचे) सेनानी, १९१० मध्ये दक्षिण आफ्रिका संघराज्याचे पहिले पंतप्रधान.

रग्बीत नास बोथा आणि २००७ च्या विश्वविजेत्या संघातला धिप्पाड बाकीस बोथा. आपला योहान मात्र ऑफस्पिनर. २००६ मध्ये सिडनीतल्या पदार्पणाच्या कसोटीतच त्याच्या शैलीवर आक्षेप आला होता. पुढे तो आयपीएलमध्येही खेळला.