टर्फ, दर्भ आणि सोसायटीची गच्ची

प्रश्न असा आहे : "आमच्या सोसायटीच्या गच्चीवर प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरलंय. सूचनाफलकावर त्याला 'कृत्रिम हिरवळ' लिहावं, 'कृत्रिम लॉन' लिहावं की सरळ 'टर्फ'? आणि टर्फला मराठी शब्द नाहीच का?"

'कृत्रिम लॉन' आधी खोडा. लॉन म्हणजे मुळात रानातली, झाडं नसलेली मोकळी जागा. कापलेलं गवत त्या शब्दाला फार उशिरा चिकटलं. म्हणजे कृत्रिम लॉन म्हणजे कृत्रिम मोकळी जागा झाली. आणि आपल्याकडे तर 'लॉन्स' म्हणजे लग्नाचं कार्यालय. तिथे गवत नसलं तरी चालतं, पार्किंग असलं की झालं.

'हिरवळ'ही नको. पहिल्या पावसानंतर डोंगराच्या अंगावर दाटते ती हिरवळ. त्या शब्दात उगवणं आहे. शेतकरी 'हिरवळीचं खत' म्हणतो तेव्हा ताग किंवा धैंचा फुलोऱ्यात यायच्या सुमारास नांगरून जमिनीत गाडतो आणि त्याची माती होते. तुमच्या गच्चीवरचं गाडून बघा. पणतवंडांना जसंच्या तसं सापडेल, रंगासकट.

आता टर्फ. मोबाइलवर फिरणारा एक संदेश मला आतापर्यंत निदान पाच जणांनी पाठवला आहे. 'टर्फ हा शब्द आपल्या दूर्वांवरून इंग्रजांनी उचलला!' खाली हात जोडलेले. अहो, दूर्वा म्हणजे हरळी, आणि तिचं गोत्र वेगळं. तिचे नातलग शोधायचेच तर अभ्यासक डच भाषेतल्या 'तार्वे'कडे, म्हणजे गव्हाकडे बोट दाखवतात. आणि उचलला म्हणजे काय? टर्फ हा शब्द इंग्रजीत हजार वर्षांहून जुना आहे. तेव्हा कुठला इंग्रज दूर्वा खुडायला आपल्या अंगणात आला होता?

टर्फचं खरं नातं दर्भाशी आहे. सख्खं नाही, चुलत. पण एकाच आजोबांचं, कारण संस्कृत आणि इंग्रजी एकाच जुन्या भाषेच्या नाती. संस्कृतातल्या 'द'च्या जागी इंग्रजीत 'ट' येतो हे दहा शब्दांत पडताळून बघा : दश–टेन, द्वि–टू, दन्त–टूथ. 'भ'चा शब्दारंभी 'ब' होतो (भ्रातृ–ब्रदर) आणि शेवटाकडे 'फ' किंवा 'व्ह' : लुभ्–लव्ह. आता दर्भ घ्या, 'द'ला 'ट' करा, 'भ'ला 'फ' करा. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन मोठ्यानं सांगितलं होतं. प्रतिसाद बेताचाच मिळाला.

पण खरी मजा पुढे आहे. दोन्ही शब्दांच्या मुळाशी गवत नाहीच. तिथे आहे गुंफणं. संस्कृतात 'दृभ्' असा धातू आहे. पाणिनीय धातुपाठ, म्हणजे धातूंची जुनी यादी, त्याचा अर्थ देतो 'ग्रन्थे', म्हणजे ओवणे, गाठणे, गुंफणे. आपण रोज वापरतो तो 'संदर्भ' याच धातूचा : एकत्र ओवलेलं. वाक्य संदर्भातून तोडलं असं आपण म्हणतो तेव्हा खरोखरच एक गुंफण तुटलेली असते. दर्भ म्हणजे झुबक्यानं, गुंफल्यासारखा वाढणारा. आणि जुन्या इंग्रजीतला टर्फ म्हणजे गवताच्या मुळांनी घट्ट बांधून ठेवलेलं मातीचं ढेकूळ. हिरवेपणाची अट त्याला कधीच नव्हती. आयर्लंडमध्ये आजही टर्फ म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेलं, चुलीत जाळायचं ढेकूळ. टर्फ, दर्भ, संदर्भ : एकाच माळेतले मणी, आणि ती माळही त्याच धातूची!

इथे परंपरावाले मला अडवतात. उणादिसूत्रं, म्हणजे अवघड शब्दांची व्युत्पत्ती लावणारी संस्कृत व्याकरणातली सूत्रं, दर्भ हा शब्द 'दॄ' म्हणजे फाडणे या धातूवरून लावतात, कारण दर्भाचं पातं बोट कापतं. जोडीला विदर्भाची कथा : एका ऋषीचा मुलगा दर्भ टोचून मेला, ऋषीनं शाप दिला, तिथे दर्भ उगवेना, म्हणून विदर्भ. कथा छान आहे. पण ती नाव पडल्यानंतर रचलेली दिसते, गावोगावी रचतात तशी. आणि उणादीबद्दल आदर ठेवून सांगतो, जे शब्द सरळ कुठे बसत नाहीत त्यांची सोय लावायची ती जागा आहे. तिथे सोय लागते, वंशावळ नाही. दर्भाला जर्मानिक (इंग्रजी, डच, जर्मन यांच्या कुळातल्या) भाषांत भाऊ सापडलेला असताना त्याला 'फाडणे'च्या घरी दत्तक का द्यायचं? (शापाचं म्हणाल तर नागपुरात आता गल्लोगल्ली टर्फ आहेत. उतरला असावा.)

आता माझा लाडका मुद्दा. प्लास्टिकचं गवत तयार कसं होतं? ओळीनं लावलेल्या शेकडो सुया पॉलिथिलीनचे धागे मागच्या कापडात ओवत जातात, गालिचा करतात तसे, आणि ते सुटू नयेत म्हणून पाठीवर चिकट थर देतात. म्हणजे शब्दशः 'दृभ्'. मैदानातलं खरं गवत उगवतं, हे मात्र गुंफलं जातं. तेव्हा टर्फ या नावावर कृत्रिम गवताचाच हक्क जास्त आहे असं मी म्हणतो. हे ऐकून एक वनस्पतिशास्त्रवाले स्नेही महिनाभर बोलत नव्हते.

ॲस्ट्रोटर्फचं बारसंही बघा. ह्यूस्टनला १९६५ साली ॲस्ट्रोडोम हे छत असलेलं बेसबॉलचं स्टेडियम उघडलं. छताला पारदर्शक तावदानं होती, त्यांच्या झगमगाटात क्षेत्ररक्षकांना उंच चेंडू दिसेना. तावदानं रंगवली, चेंडू दिसू लागला, आणि खालचं गवत ऊन न मिळाल्यानं मेलं. तेव्हा १९६६ मध्ये मॉन्सँटो कंपनीचं नायलॉनचं गवत अंथरलं. त्याचं आधीचं नाव 'केमग्रास', ऐकूनच खोकला यावा असं. ॲस्ट्रोडोममुळे ते ॲस्ट्रोटर्फ झालं. 'ॲस्ट्रो' म्हणजे तारा. ग्रीक 'आस्त्रोन', वेदातला 'स्तृ' आणि आपली 'तारा' ही भावंडंच. म्हणजे ॲस्ट्रोटर्फचं संस्कृत करायला काही घडवावं लागत नाही, फक्त नातलग बोलवावे लागतात : तारादर्भ. टर्फला 'तृणास्तरण' म्हणा असं सुचवणाऱ्यांनी नोंद घ्यावी. असले शब्द कार्यालयात बसून पाडतात आणि ते कार्यालयातच राहतात.

पण तारादर्भ हे एका कंपनीच्या मालाचं नाव. बाल्कनीतल्या पायपुसण्यालाही ॲस्ट्रोटर्फ म्हणतात तेव्हा माझं डोकं तापतं. हॉकीवाल्यांना मात्र माफ आहे, त्यांनी या शब्दाची किंमत मोजली आहे. १९७५ साली क्वालालंपूरला गवतावर विश्वचषक जिंकलेला आपला संघ पुढच्याच वर्षी मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये कृत्रिम मैदानावर उतरला आणि सातवा आला.

क्रिकेटवाल्यांची तऱ्हा उलटी. आपल्याकडे 'टर्फ विकेट' म्हणजे मातीची, खऱ्या गवताची खेळपट्टी. काथ्याची चटई अंथरलेल्या 'मॅटिंग'च्या विरुद्ध. तीच मुलं रविवारी रात्री 'टर्फवर ये रे' म्हणतात तेव्हा जाळी लावलेलं, तासावर भाड्यानं मिळणारं प्लास्टिकचं मैदान. सकाळी टर्फ म्हणजे अस्सल, रात्री टर्फ म्हणजे नक्कल. अन् महालक्ष्मीचा 'टर्फ क्लब' म्हणाल तर तिथे घोडे. एवढ्या शब्दाला मराठी पर्याय नाही म्हणून कसलं रडायचं? तो मुरलाय.

विक्रेते ज्याला 'पस्तीस एमएम, चाळीस एमएम' म्हणतात त्या पात्यांच्या उंचीला मात्र आपल्याकडे सुरेख शब्द आहे : लव. मखमलीची लव, गालावरची लव, तशी गवताची लव. चाळीस मिलिमीटर लवेचं गवत. दुकानात एकदा म्हणून पाहिलं. दुकानदारानं आतून दुसऱ्या माणसाला बोलावलं.

राहिलं लिंग. 'टर्फ मिळालं नाही' की 'टर्फ मिळाला नाही'? दोन्ही कानावर येतात. दर्भ पुल्लिंगी, म्हणून माझ्या लेखी टर्फही पुल्लिंगीच. पोरं ऐकणार नाहीत, ठाऊक आहे.

हां, तुमचा फलक. 'कृत्रिम गवत' लिहा. टर्फ लिहिलंत तर संध्याकाळी बॅट घेऊन आठ जण वर येतील. आणि खाली एक ओळ वाढवा : 'एप्रिल-मे महिन्यांत दुपारी अनवाणी जाऊ नये.' हे गवत विलक्षण तापतं.