स्वतंत्र माहितीपट निर्माता म्हणून आयुष्य काढता येतं का? स्वतःकडे पैसा नसेल तर?

तुम्ही लिहिलं आहे की वय 31, साताऱ्यात सहकारी बँकेत नोकरी, माहितीपटांचं वेड, दिग्दर्शन आपल्याला जमणार नाही याची खात्री, पण निर्माता व्हायची मनापासून इच्छा. पैसा नसताना हे शक्य आहे का आणि घर चालतं का, हा तुमचा प्रश्न. मी मुंबईत 17 वर्षं हेच काम करते आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

निर्माता म्हटलं की आपल्याकडे थैली घेऊन बसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातली व्याख्या वाचा: चित्रपट घडवण्याचा पुढाकार आणि जबाबदारी जो घेतो, तो निर्माता. पैशाचा त्यात उल्लेखही नाही. तोच कायदा चित्रपटाचा कर्ता म्हणून निर्मात्याला धरतो, आणि वेगळा करार नसेल तर कॉपीराइट त्याचा असतो, 60 वर्षं. हे मी आधी सांगते, कारण हे मला फार उशिरा कळलं. माझी पहिली फिल्म मी एका वाहिनीला तीन लाखांत दिली, सगळे हक्क, कायमचे. करार नीट वाचलाच नव्हता. कुणीतरी घेतं आहे याचाच आनंद. पुढे ती वाहिनी बंद पडली. फिल्म कुठल्या कपाटात आहे माहीत नाही, आणि असती तरी मला ती माझ्याच गावात दाखवता आली नसती. एखाद्या देशापुरते, ठरावीक वर्षांपुरते हक्क द्या. सगळे देऊ नका.

पैसा कसा उभा राहतो, याचं उत्तर दादासाहेब फाळक्यांनी 1912 सालीच दिलं आहे. आयुर्विम्याची पॉलिसी गहाण ठेवून ते लंडनहून यंत्रसामग्री घेऊन आले, पण चित्रपटासाठी भांडवल कुठून आणायचं? त्यांनी वाटाण्याचं बी पेरलं आणि त्याचा वेल कसा वाढतो हे थोडं थोडं टिपत एक छोटीशी फिल्म केली. ती पाहिल्यावर पैसे देणारा विश्वासाने पुढे आला. आजही हेच चालतं. कुणीही तुमच्या संहितेवर पैसे देत नाही. पाच मिनिटांचं, जीव ओतून कापलेलं फुटेज लागतं. तेवढं शूट मात्र बहुतेक वेळा स्वतःच्या खिशातून, मित्रांच्या कॅमेऱ्यावर होतं. (पॉलिसी गहाण ठेवा असं मी म्हणत नाही. घरावर कर्ज तर मुळीच काढू नका.)

ते फुटेज घेऊन मग दारं ठोठवायची. पूर्वी 1948 पासूनची फिल्म्स डिव्हिजन, म्हणजे माहितीपट काढणारी सरकारी संस्था, हा मोठा आधार होता. 2022 मध्ये ती एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाली. गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या काळात एनएफडीसीचा फिल्म बाजार 2007 पासून भरतो, कोलकात्यात डॉकएज हा माहितीपटांचा मेळा होतो, तिथे परदेशी वाहिन्यांची माणसं समोर बसलेली असतात आणि काही मिनिटांत तुमची फिल्म सांगायची असते. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स, ॲमस्टरडॅमचा इडफा बर्था फंड, फ्रान्स-जर्मनीची आर्ते, जपानची एनएचके अशी बरीच ठिकाणं आहेत. परदेशातून येणारी रक्कम अनुदान आहे की कराराचा मोबदला, हे आधी सीएला विचारा. परदेशी देणग्यांचा कायदा, एफसीआरए, कडक आहे. नकारांची सवय करावी लागते. आमच्या एका फिल्मला 19 नकार आले, विसावं पत्र होकाराचं होतं.

ती फिल्म ऊसतोड कामगारांवरची. तिच्यावरून तुम्हाला काम नेमकं कळेल.

नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीच्या सुमारास बीडहून निघायचं आणि मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्याच्या फडावर कोप्यांत, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांत, राहायचं. आम्ही एका कुटुंबाबरोबर तीन हंगाम शूट केलं. दिग्दर्शक आणि कॅमेरामन पहाटे फडात असायचे. मी गाडी, जेवण, बॅटऱ्या, मुकादमाची मनधरणी आणि रोज रात्री दोन हार्ड डिस्कवर फुटेज उतरवणं बघायचे. तिसरी डिस्क दर आठवड्याला मुंबईला जायची. दुसऱ्या हंगामात एक डिस्क खरंच गेली, आणि दुसऱ्या प्रतीमुळेच ती फिल्म आज अस्तित्वात आहे.

एका संध्याकाळी मोळी बांधता बांधता त्या बाई स्वतःच्या आईबद्दल जे बोलल्या, ते अख्ख्या फिल्ममधलं सगळ्यात सुंदर बोलणं होतं. पण मागे उसाचा ट्रॅक्टर उभा, त्यावर दणदणीत सिनेमाचं गाणं. त्यांच्या माइकमध्ये ते पूर्ण मिसळलेलं. वाहिनीने सांगितलं, गाण्याची परवानगी आणा. गीत-संगीताचे हक्क वेगळे, ध्वनिमुद्रणाचे वेगळे, आणि त्या वीस सेकंदांचा आकडा आमच्या एका महिन्याच्या शूटपेक्षा जास्त. ते बोलणं गेलं. तेव्हापासून शूट सुरू होण्याआधी मी स्वतः जाऊन ट्रॅक्टरवाल्याला विनंती करते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्याच बाईंनी आपल्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेबद्दल कॅमेऱ्यासमोर मोकळेपणाने सांगितलं होतं. संमतीपत्रावर सही होती, ते त्यांना वाचूनही दाखवलं होतं. फिल्म पूर्ण झाली, एका महोत्सवात निवड झाली आणि त्यांचा फोन आला: ‘ताई, तेवढं पोटाचं बोलणं काढता का? पोरीला बघायला पाव्हणे येणारेत.’ दिग्दर्शकाचं म्हणणं होतं की फिल्मचा कणाच निघून जाईल. दोन रात्री आम्ही भांडलो. कागद आमच्या बाजूने होता. चार मिनिटं काढली, पुन्हा संकलन, पुन्हा साउंड मिक्स, एक लाख चाळीस हजार रुपये, ते माझ्या मानधनातून गेले. निर्णय कोणी घ्यायचा? दिग्दर्शक फिल्मवर प्रेम करतो, त्याने तसंच करायला हवं. त्या बाईंच्या घरी उद्या काय होईल याचा विचार करणारं कुणीतरी त्या खोलीत असावं लागतं, आणि तो निर्माता.

घर कशावर चालतं? निव्वळ माहितीपटांवर माझं चाललेलं नाही, हे स्पष्ट सांगते. वर्षातले पाच-सहा महिने मी संस्थांसाठी आणि कंपन्यांसाठी फिल्म्स करते, परदेशी चमूंची लाइन प्रोड्यूसर म्हणून, म्हणजे इथल्या शूटची, व्यवस्था बघते. उरलेले महिने आमच्या फिल्मचे. उसाच्या फिल्मला सुरुवातीपासून पहिल्या प्रदर्शनापर्यंत पाच वर्षं लागली. बजेटमध्ये नवे लोक नेहमी भाषांतर विसरतात: बीडकडची बोली आधी जशीच्या तशी उतरवून घ्यायची, मग सबटायटल्स करायची, हेच दोन महिन्यांचं काम. सेन्सॉरचा खर्चही धरा. थिएटरात दाखवायला प्रमाणपत्र लागतं, महोत्सवासाठी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट मिळते.

तुम्ही बँकेतले आहात ही खरोखर जमेची बाजू आहे. अनुदान देणारी प्रत्येक संस्था हिशेब मागते, आणि पावत्या नीट नसल्यामुळे शेवटचा हप्ता अडकलेले किती तरी चांगले दिग्दर्शक मी पाहिले आहेत. नोकरी आत्ता सोडू नका. मुंबईत 1990 पासून दर दोन वर्षांनी मिफ हा माहितीपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो, त्याला रजा काढून पूर्ण आठवडा या, फिल्म्स बघा, बाहेर चहाला थांबणाऱ्या दिग्दर्शकांशी बोला. ज्याची फिल्म बघून झोप उडेल अशा एकाला सांगा की पुढच्या फिल्मचं बजेट मी मांडून देतो आणि शनिवार-रविवारी शूटचं फुटेज रजिस्टरमध्ये नोंदवतो. त्या नोंदी ठेवायला प्रत्येक चमूला माणूस हवाच असतो. माझीही सुरुवात त्याच रजिस्टरपासून झाली.