गॅसवरच्या भरताला काड्यांचा वास

प्रश्न : आम्ही ठाण्यात आठव्या मजल्यावर राहतो. सासरे जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातले. गॅसवर वांगी भाजून, निखाऱ्यावर तूप सोडून धुंगार दिलेलं भरीत केलं, तर ते म्हणाले, "चांगलंय, पण हे आपल्याकडचं भरीत नाही." काड्यांवरच्या भरताची चव फ्लॅटमध्ये आणता येईल का?

उत्तर : ताई, सासऱ्यांची जीभ बरोबर सांगते आहे. मी जळगावची, आणि लग्नानंतर पुण्यात हाच प्रश्न मलाही पडला होता. गॅसची आच स्वच्छ, तिला धूर नाही. कोळशातला धूर तर तो तयार होतानाच निघून गेलेला असतो. म्हणजे तुमच्या धुंगाराला वास आला तो जळक्या तुपाचा. डाळीला तो शोभतो, खानदेशी भरताला नाही. आपल्याकडे वांगी भाजतात ती कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांवर, आणि त्या लाकडाचाच धूर वांग्यात उतरतो.

तेव्हा तूप बाजूला ठेवा. गावाहून कुणी येणार असेल तर मूठभर वाळक्या तुराट्या, म्हणजे तुरीच्या काड्या, मागवा. कपाशीवर फवारण्या फार होतात, म्हणून घरात मी तिच्या काड्या जाळत नाही.

वांगी हिरवी, मोठी, पण हातात हलकी लागणारी घ्या. जड वांग्यात बिया जास्त. तेलाचा हात लावून सुरीने चार टोचे मारा, नाहीतर फुटतात. देठाजवळचा भाग दाबला की बोट आत जाईपर्यंत मंद आचेवर फिरवत भाजा. घाई इथेच नडते. साल काढताना वांगं नळाखाली धरू नका, भाजल्याचा सगळा वास पाण्याबरोबर जातो. बोटं ओली करून सोला.

मग वांगी ठेचून पातेल्यात पसरा, मधे स्टीलची वाटी. लिंबाएवढा लाकडी कोळसा पापडाच्या जाळीवर पूर्ण लाल करून वाटीत ठेवा. काळा भाग उरला तर धूर घशाला लागतो. निखाऱ्यावर बोटभर लांबीचे तुराटीचे दोन तुकडे टाका. पांढरा धूर उठला की लगेच घट्ट झाकण. तीन मिनिटं पुरेत. मी एकदा दहा मिनिटं ठेवलं तर भरीत कडू झालं. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात घातलेली तेलाची फोडणी धुरीनंतरच द्या. टोमॅटो नको.

आता कळकळीने सांगते, हे खिडकी उघडी ठेवून आणि एक्झॉस्ट लावूनच करा. एका डिसेंबरात थंडी म्हणून मी खिडकी लावून घेतली आणि पाहुण्यांसाठी चार निखारे एकदम पेटवले. थोड्या वेळात माझं डोकं ठणकायला लागलं, आईला मळमळलं. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वासच नाही, त्यामुळे धूर दिसला नाही तरी निर्धास्त राहू नका. एका वेळी एकच निखारा. झाकण उघडाल तेही खिडकीपाशी. निखारा चिमट्याने उचलून पाण्यात बुडवा आणि पूर्ण गार झाल्यावरच कचऱ्यात टाका.

सोबत कळण्याची भाकरी करा. पीठ मिळालं नाही तर ज्वारीत थोडे उडीद घालून दळून आणा.